खंबाटकीत टकटक करणारी गाडी आणि पंपावरचे तीन भाव

गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक. ११९७ सीसी, चार सिलिंडर, साधं मल्टिपॉइंट इंजेक्शन, टर्बो नाही, कॉम्प्रेशन रेशो ११:१, बीएस४. टाकी ४२ लिटरची, चाललेली साधारण ९० हजार किलोमीटर. मालक पुण्यात कोथरूडला राहतो, कामाला हिंजवडीला जातो आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी. महिन्याचं रनिंग हजार किलोमीटर धरा. अशा गाड्या गॅरेजात रोज येतात. त्यांतल्या नेहमीच्या तक्रारी एकत्र करून ही नमुन्याची गाडी इथे उभी केली आहे. मोजमापांचे आकडे अशा बिघाडात जसे सापडतात तसेच घेतले आहेत.

तक्रारी तीन. २०२२ मध्ये टाकी ते टाकी मोजलेलं अ‍ॅव्हरेज १६ होतं, ते आता १३.८ वर आलंय. जुन्या खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टकटक येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. आणि इंजिनचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी जातो.

यावर मालकाला तीन सल्ले मिळाले होते. पंपावरचा मुलगा म्हणाला, ‘प्रीमियम टाका, नॉकिंग जाईल.’ सोसायटीतले काका म्हणाले, ‘शंभर ऑक्टेनचं टाक, त्यात इथेनॉल नसतं.’ अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, ‘आम्ही इथे ८७ टाकतो, काही होत नाही.’ मालकाने पहिला सल्ला मानला. चार महिने तो लिटरमागे आठेक रुपये जास्त देऊन ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरत होता. टकटक तशीच राहिली.

गॅरेजमध्ये त्याचा प्रश्न होता, ‘नेमकं कुठलं पेट्रोल टाकू?’ उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण त्याआधी गाडी बघावी लागते. नाहीतर इंजिनाचा बिघाड पेट्रोलच्या नावावर खपतो.

झाकणावर काय लिहिलंय

सुरुवात माहितीपुस्तिकेतून आणि टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरून करायची. या गाडीला किमान आरओएन (प्रयोगशाळेत मोजलेला ऑक्टेनचा आकडा) ९१ चालतं आणि इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असावं, असं लिहिलेलं आहे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आणि उष्णतेत आपोआप पेटून उठायला ते किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेन म्हणजे १०० आणि नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०, अशी ती मोजपट्टी आहे. इंजिनला ९१ पुरत असेल, तर ९५ टाकून पिकअप वाढत नाही. विरोध हवा होता तेवढा आधीच मिळालेला असतो.

मावसभावाचा ८७ हा वेगळ्याच पट्टीवरचा आकडा आहे. अमेरिकेत पंपावर आरओएन आणि एमओएन (जास्त कडक चाचणीत मोजलेला ऑक्टेन, म्हणून आकडा लहान) यांची सरासरी लिहितात. तिथलं ८७ आपल्याकडच्या पट्टीवर ९१-९२ च्या आसपास बसतं. म्हणजे तो आणि आपण जवळपास एकाच प्रकारचं पेट्रोल भरतोय.

आता आपल्या पंपावर काय मिळतं ते पाहू. बीएस६ चं पेट्रोल १ एप्रिल २०२० पासून देशभर आलं. साध्याला किमान आरओएन ९१ आणि गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, ही त्याची तेव्हाची अट. इथेनॉल मिसळायची सुरुवात जानेवारी २००३ मध्ये ९ राज्यांत ५ टक्क्यांनी झाली. १० टक्क्यांची सरासरी जून २०२२ मध्ये गाठली गेली आणि ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची, विक्री ६ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. २०२५ पर्यंत साध्या नोजलमधून येणारं पेट्रोल जवळपास सगळीकडे २० टक्क्यांचंच झालं. म्हणजे मालकाचं १६ चं अ‍ॅव्हरेज १० टक्के इथेनॉलवरचं होतं आणि आजचं २० टक्क्यांवरचं आहे. तुलना करताना हे लक्षात ठेवलं नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला. त्यात इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, मूळ पेट्रोलचा ८४.४ आणि २० टक्के मिश्रणाचा ९५ पर्यंत असल्याचं म्हटलं आहे. यातून या प्रकरणातला पहिला धागा हाती लागतो. इथेनॉल वाढलं की ऑक्टेन वाढतो, म्हणजे टकटक कमी व्हायला हवी. इथे ती वाढली. याचा अर्थ पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडतोय हे निदानच मुळात खोटं आहे. भेसळ नसेल, तर कारण गाडीत आहे.

अ‍ॅव्हरेजची फोड

१६ वरून १३.८ म्हणजे जवळपास १४ टक्के घट. यातली इथेनॉलची किती?

हा हिशेब कागदावर करता येतो. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. १० टक्के मिश्रणात ३०.९ आणि २० टक्क्यांत २९.८ मेगाज्यूल येते. म्हणजे दहावरून वीसवर जाताना साडेतीन टक्के घट, आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत पावणेसात टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातला अंदाजही याच घरातला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० ला ट्यून केलेल्यांना १ ते २ टक्के घट त्यात धरली आहे.

साडेतीन टक्के काढले की १६ चं १५.४ होतं. १५.४ ते १३.८ हे अंतर इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. मालकाला हे पटत नव्हतं. मोबाइलवर सगळे जण ई२० मुळे अ‍ॅव्हरेज पडल्याचं सांगत होते, आणि ते अर्धं खरंही आहे. म्हणूनच ही फोड करायची. इथेनॉलचा वाटा मान्य करायचा आणि उरलेला शोधायचा.

मोजण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेला अंदाज असतो, त्यावर भांडण करू नये. एकाच पंपावर, एकाच नोजलने, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. अशा सलग तीन टाक्यांची सरासरी घ्यायची. एका टाकीत एक-दीड लिटर इकडेतिकडे होतंच. आणि ऑटो-कटनंतर ‘राउंड फिगर करा’ म्हणून दोनदा-तीनदा ढोसायचं नाही. टाकीतली वाफ पकडायला कोळशाचा कॅनिस्टर असतो, त्यात द्रव पेट्रोल गेलं की कोळसा भिजतो. मग भरल्यानंतर गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते आणि कधीकधी दिवाही लागतो.

स्कॅनर काय सांगतो

गाडीला ओबीडी स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. पी०१७१ कोड सापडला, म्हणजे मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवून थकलाय. पण नुसता कोड वाचून थांबणारं गॅरेज असेल तर तिथून निघालेलं बरं. खरी माहिती लाँग टर्म फ्युएल ट्रिममध्ये असते. कंपनीने ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना) ट्रिम अधिक ५ होती. उभ्या गाडीत २५०० आरपीएमला अधिक ८. मेकॅनिकने मालकाला शेजारी बसवून चांदणी चौकाच्या चढावर तिसऱ्या गिअरला ताण दिला, तेव्हा ती अधिक १९ वर गेली.

यातलं नॉर्मल किती? पेट्रोलला जळायला वजनात १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१ आणि २० टक्क्यांना साडेतेरा. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ही तफावत स्वतःच भरून काढते. दहावरून वीसवर आलात तर ट्रिम साधारण ४ ने वाढावी, गाडी शून्य टक्क्यांवर ट्यून असेल तर ८ पर्यंत. म्हणजे आयडलचा ५ हा इथेनॉलचा आकडा आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चढावरचा १९ मात्र वेगळंच सांगतो. इथेनॉलमुळे ट्रिम वाढली असती तर सगळीकडे सारखीच वाढली असती. इथे ताण वाढेल तशी ती वाढतेय. मागणी वाढली की पुरवठा कमी पडतो, असा त्याचा अर्थ.

रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज लावला. या गाडीला ३ बारच्या आसपास हवं. आयडलला ३ बार बरोबर मिळालं, पण ताणाखाली काटा २.३ वर घसरला.

मागची सीट उचलून टाकीतलं पंप मॉड्युल काढलं. हे काम घरी करायचं नाही. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. टाकीत पेट्रोल पावच्या खाली असावं, जागा उघडी असावी आणि अग्निशामक हाताशी असावा. मॉड्युलच्या बुडाशी जाळीचा मोजा असतो, नवा असताना पांढरा. इथे तो चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झाला होता. बोटाने चोळला की चिकट लागत होता, आणि घड्यांमध्ये बारीक रेव होती. आतला फिल्टरही तसाच.

हे कसं झालं? टाकीत आणि लाइनमध्ये वर्षानुवर्षं पेट्रोलची राळ चिकटून बसते. इथेनॉल चांगला विद्रावक आहे, तो ती सोडवतो. सुटलेली घाण आधी मोज्यात, मग फिल्टरमध्ये अडकते. या फिल्टरला बहुतेक पुस्तिकांत बदलण्याची मुदतच दिलेली नसते, म्हणून कुणी तो बघतही नाही. २० टक्के इथेनॉलचा या गाडीला झालेला खरा त्रास हा होता, आणि महागडं पेट्रोल टाकून तो जाणार नव्हता. जास्त ऑक्टेनचं पेट्रोलसुद्धा त्याच बुजलेल्या जाळीतून जातं.

दाब पडला की ताणाखाली मिश्रण पातळ होतं, ज्वलनाचं तापमान चढतं आणि नॉकिंगला वाट मिळते. खंबाटकीतल्या टकटकीचं हे एक कारण.

दुसरं कारण प्लगमध्ये

प्लग काढून बघितले. गॅप वाढलेली होतीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या सर्व्हिसिंगला कुठल्या तरी गॅरेजमध्ये हीट रेंज (प्लगचं टोक किती तापलेलं राहतं त्याचा क्रमांक) चुकीची बसवली होती. पुस्तिकेत एनजीकेचा ६ क्रमांकाचा प्लग होता, बसवलेला ५ चा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये याच्या बरोबर उलटं. दुकानदार ‘हाच लागतो’ म्हणून देतो, थ्रेड बसतात, गाडी चालू होते आणि कुणाला काही कळत नाही. गरम प्लगचं टोक तापलेलं राहतं. घाटात लांबवर ताण पडला की तेच टोक ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं.

तिसरी गोष्ट चालवण्याची. घाटात तिसऱ्या गिअरला ३० च्या वेगाने, १४०० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवला तर चांगली गाडीही कुरकुरते. ‘वरचा गिअर म्हणजे अ‍ॅव्हरेज’ हा समज सपाट रस्त्यावर ठीक आहे. चढावर दुसरा टाकायचा आणि इंजिन २५०० ते ३००० वर फिरू द्यायचं. जास्त फिरल्याने ते खराब होत नाही, कमी फिरून ओझं ओढायला लावलं तर होतं.

अ‍ॅव्हरेजच्या उरलेल्या घटीची कारणं साधी निघाली. टायरमध्ये ३३ च्या जागी २६ पीएसआय हवा होती. पुढच्या डाव्या कॅलिपरची पिन अडकल्यामुळे ब्रेक पॅड डिस्कला घासत होता. वीस मिनिटं चालवून चारही रिमना हात जवळ नेला की कुठलं गरम आहे ते कळतं. एअर फिल्टर मळलेला होता, तोही बदलला. पण इंजेक्शनच्या गाडीत मळक्या एअर फिल्टरमुळे पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. कार्ब्युरेटरच्या काळातला तो नियम अजून लोकांच्या डोक्यात आहे.

काम असं झालं: टाकीतला मोजा आणि फिल्टर नवा, चार प्लग योग्य रेंजचे आणि गॅप तपासून, कॅलिपरची पिन साफ करून ब्रेकच्या ग्रीसवर, टायरला हवा. रेलकडे जाणाऱ्या रबरी नळ्या आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगाही बदलल्या. त्यांच्याबद्दल खाली. कोड पुसून पुन्हा मोजलं, तर ताणाखाली दाब २.९ आणि त्याच चढावर ट्रिम अधिक ६. तीन टाक्यांची सरासरी १५.२ आली. साध्या पेट्रोलवर.

आता पेट्रोल कुठलं

नीट झालेल्या गाडीवर प्रश्न पुन्हा मांडू. हिशेबासाठी साधं १०४ रुपये, ९५ ऑक्टेनचं ११२ आणि १०० ऑक्टेनचं १६० धरलं आहे. तुमच्या पंपाचे आकडे घालून बघा, पद्धत तीच राहील.

साधं ई२०: १००० किलोमीटरला १५.२ च्या अ‍ॅव्हरेजने ६५.८ लिटर, म्हणजे ६,८४० रुपये.

९५ ऑक्टेनचं प्रीमियम, म्हणजे इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९५ अशा नावांनी मिळणारं. या इंजिनला जास्तीच्या ऑक्टेनचा उपयोग नाही आणि नाव प्रीमियम असलं म्हणून इथेनॉल नाही असं धरता येत नाही. अ‍ॅव्हरेज तेच, खर्च ७,३७० च्या आसपास. महिन्याला सव्वापाचशे रुपये जातात आणि मिळतात ती फक्त इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी अ‍ॅडिटिव्हज. त्यांची किंमत शून्य नाही, पण शहरात थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीला वर्षातून एक-दोन टाक्या पुरतात. दर वेळी भरायचं कारण नाही.

१०० ऑक्टेनचं. इंडियन ऑइलने एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणलं, पहिल्या यादीत मुंबई आणि पुणं होतं. लोक हे ऑक्टेनसाठी कमी आणि ‘बिन-इथेनॉलचं’ म्हणून जास्त शोधतात. ते खरोखर शून्य टक्के आहे असं धरून चालू. मग ऊर्जा सात टक्क्यांनी वाढते, अ‍ॅव्हरेज १६.३ होतं आणि ६१.४ लिटर लागतं. खर्च ९,८०० च्या वर. साध्यापेक्षा महिन्याला तीन हजार जास्त.

बिन-इथेनॉलचं पेट्रोल परवडायला साध्याच्या किती जास्त किमतीपर्यंत मिळायला हवं, तेही काढता येतं: साध्याच्या भावाच्या १.०७ पट. १०४ ला १११ रुपये. त्याच्या वर गेलं की अ‍ॅव्हरेजचा फायदा भावात बुडतो.

काही जण अर्धी-अर्धी टाकी भरतात, २१ लिटर साधं आणि २१ लिटर १०० ऑक्टेनचं, म्हणजे पुस्तिकेतल्या १० टक्क्यांत बसतं. रासायनिकदृष्ट्या यात काही चूक नाही, पेट्रोलं एकमेकांत निर्धास्त मिसळतात. खर्च मात्र ८,३८० च्या घरात जातो, वर्षाला साडेअठरा हजार जास्त. हे पैसे रबर वाचवण्यासाठी असतील, तर रबरच बदलून टाकावं.

म्हणून या गाडीचं उत्तर: साधं पेट्रोल, गर्दीच्या पंपावरचं. गर्दीच्या पंपावर माल लवकर फिरतो, जमिनीखालच्या टाकीत पडून राहत नाही. आणि रबर एकदाच बदलायचं.

जुन्या गाड्यांत नायट्राइल रबराच्या नळ्या आणि सीलं असतात. इथेनॉलमध्ये ती फुगतात, मऊ होतात आणि सुकली की तडकतात. ई२० ला टिकणाऱ्या भागांत फ्लुओरोइलास्टोमर नावाचं खास रबर वापरलेलं असतं. कंपनीचा पार्ट मिळत असेल तर तोच घ्यावा. मीटरवर कापून मिळणारी नळी घ्यायची वेळ आली, तर तिच्यावर एसएई जे३०आर९ छापलेलं हवं. आर७ ही कमी दाबाची, कार्ब्युरेटरसाठीची, ती इंजेक्शनच्या लाइनवर बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण. नळीला चिमटा काढून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा बोटाला काळं लागलं, तर ती गेली. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर अ‍ॅव्हरेजचं बोलणं बाजूला ठेवून आधी गळती शोधायची.

उत्तर बदलतं तेव्हा

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचं साहित्य ई२० ला चालेल असं असावं, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनही ई२० ला ट्यून केलेलं असावं, असा आराखडा होता. झाकणावर तसा स्टिकर असतो. तो असेल तर वरच्या चर्चेतलं रबराचं प्रकरण तुम्हाला लागू नाही.

छोटं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन आणि झाकणावर ९५ ची शिफारस असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे-पुढे करत असतो. ऑक्टेन कमी पडला तर टकटक ऐकू येत नाही, पण टायमिंग मागे घेतलं जातं, पिकअप मरतो आणि अ‍ॅव्हरेजही पडतं. अशा गाडीत उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना ९५ ची खात्री असलेलं पेट्रोल उपयोगी पडतं. ‘किमान ९१, शिफारस ९५’ असं लिहिलं असेल तर ९१ ने इंजिन मरत नाही, फक्त दमतं.

कार्ब्युरेटरची जुनी बाइक हा तिसरा प्रकार. तिथे ऑक्सिजन सेन्सर नाही, मिश्रण आपोआप सुधारत नाही. प्लगचं पोर्सलिन पांढरं पडायला लागलं की मिश्रण पातळ आहे असं समजायचं. मेकॅनिककडून मेन जेट एक घर मोठा बसवून घ्यावा आणि फ्लोटची सीलं बघावीत.

सीमेवरच्या लोकांना अजून एक प्रश्न पडतो. सिंधुदुर्गातून गोव्यात जाऊन टाकी भरणाऱ्याला भावात फायदा होतो, कारण तिथला कर कमी आहे. पेट्रोल मात्र तेच, तेवढ्याच इथेनॉलचं. बाकी, ज्या उसाचं इथेनॉल होतं तो कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांच्या घरचा विषय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले तेव्हा पंपावर कुणाला काही जाणवलं नाही, कारखान्यांच्या गेटवर मात्र जाणवलं.

पंपावर तपासायचं ते

भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, पंपावर तो ठेवणं बंधनकारक आहे. नोजलचं तोंड पुसून एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग उरत नाही. गडद तेलकट डाग उरला तर रॉकेल किंवा तत्सम काही मिसळलंय. घनता पंपावर लिहिलेली असते. मालाच्या पावतीवरच्या आकड्यापासून ती घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त हलता कामा नये. माप कमी वाटलं तर वैधमापन विभागाची मोहोर असलेलं ५ लिटरचं माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. शंभरऐवजी एकशे दहाचं भरलं की मशीन फसवत नाही, आणि पहाटे भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, या दोन्ही समजुतींना अर्थ नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं बदलतच नाही.

इथेनॉल किती आहे हे बघायला १०० मिलिलिटरचं आकडे असलेलं काचेचं नळकांडं लागतं. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर पेट्रोल घालायचं, बूच लावून हलवायचं, मधेमधे बूच सैल करून वाफ सोडायची आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. शून्य टक्के असेल तर थर ५० वरच राहतो, १० टक्क्यांना ५५ च्या जवळ, २० ला ५९-६० वर. ‘बिन-इथेनॉल’ म्हणून दीडशेच्या वर मोजणाऱ्याने एकदा हे जरूर करावं. उघड्यावर, ज्योतीपासून लांब. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत न्यायचं नाही, धातूच्या बंद डब्यातच.

हा प्रयोग बघून काहींना वेगळीच कल्पना सुचते: पाण्याने धुऊन इथेनॉल काढायचं आणि उरलेलं पेट्रोल वापरायचं. आगीचा धोका बाजूला ठेवला तरी हाती काय लागतं? इथेनॉल मिसळण्याआधीचं मूळ पेट्रोल, ज्याचा ऑक्टेन ८४-८५ च्या घरात आहे. ९१ लागणाऱ्या इंजिनात ते टाकलं की टकटक खरोखरच पेट्रोलमुळे येईल. ‘इथेनॉल निष्प्रभ करणाऱ्या’ बाटल्याही विकल्या जातात. कुठलंही औषध टाकीतलं इथेनॉल नाहीसं करत नाही. गंज रोखणारं अ‍ॅडिटिव्ह असेल तर तेवढ्यापुरता उपयोग.

पावसाळ्यात एकच काळजी. इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतं आणि पंप नेमका तिथूनच उचलतो. पेट्रोल भरल्यावर शंभरेक मीटरमध्ये गाडी मिसिंग करून बंद पडली, तर पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नये. पावती जपून ठेवावी, पंपाच्या मॅनेजरला डिपरॉडला (मोजकाठीला) वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारा लेप) लावून पंपाच्या टाकीत बुडवून दाखवायला सांगावं आणि गाडीची टाकी रिकामी करून घ्यावी. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर टाकी जवळपास भरून ठेवावी. वर मोकळी जागा कमी, तेवढी दमट हवा कमी. ते पेट्रोल परत आल्यावर संपवून टाकायचं, सहा-सहा महिने साठवायचं नाही.

इंजिनचा दिवा पुन्हा लागला, तर या मालकाला एवढंच सांगून ठेवलंय: आयडलची आणि चढावरची, अशा दोन्ही ट्रिम लिहून आण. आयडलला जास्त आणि चढावर कमी असेल तर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूची हवेची गळती बघू. चढावर जास्त असेल तर यावेळी पंप बघावा लागेल, कारण मोजा आणि फिल्टर नवे आहेत.